नगरपंचायतीच्या बागेत बॅले करायचा असेल तर आधी जमीन बघा

तुमच्या प्रश्नाचा मला समजलेला गोषवारा असा. भंडारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावाच्या पाळीला लागून नगरपंचायतीची बाग, आणि तिथे समकालीन बॅले करायला तयार असलेला पुण्याचा आठ नर्तकांचा संच. समितीत दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतच रात्री मोठा स्टेज, लाईट आणि डीजेवाल्याचे बॉक्स लावून दणक्यात करू. दुसऱ्याचं म्हणणं, बॅलेला नागपूरचं सभागृहच पाहिजे, बागेत तो शोभणार नाही आणि आपल्या लोकांना कळणारही नाही.

विदर्भातल्या उघड्या जागांवर नृत्याचे प्रयोग उभे करणं हे माझं कामच आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. मंडई नको, रात्र नको, लाईट तर अजिबात नको. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी साडेचारला, सूर्यप्रकाशात, मध्यंतर न घेता पाऊण तासाचा प्रयोग करा. लाईट आणि जनरेटरवर जाणारे पैसे नर्तकांच्या पायाखालच्या फ्लोअरवर घाला.

सभागृहाच्या आग्रहाचं आधी. बॅले बंद नाट्यगृहात जन्मला असा अनेकांचा समज असतो. चौदावा लुई हा फ्रान्सचा राजा स्वतः बॅले नाचायचा. 1664 च्या मे महिन्यात त्याने व्हर्सायच्या बागेत कित्येक दिवस चाललेला उत्सव भरवला, त्यात नाटक, संगीत आणि बॅले सगळं उघड्यावर झालं. स्पेनमध्ये ग्रानाडाच्या हेनेरालीफे बागेत आणि इटलीत जेनोवाजवळच्या नेर्वीच्या उद्यानांत गेल्या शतकाच्या मध्यापासून बॅले होत आलाय. आणि ज्या नाचाला अमेरिकन बॅलेचा पाया मानतात, तो नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलनशिनचा ‘सेरेनेड’, त्याचा पहिला प्रयोग 1934 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कजवळ व्हाइट प्लेन्सला एका श्रीमंत गृहस्थाच्या आवारात, उघड्यावर टाकलेल्या फळ्यांवर झाला. नाचणाऱ्या बॅले शाळेतल्या विद्यार्थिनी होत्या. पहिल्या तालमीला सतरा मुली हजर होत्या म्हणून सुरुवातीची रचना सतरा जणींची झाली. एक मुलगी उशिरा आली, तिचं उशिरा येणंही नाचात राहिलं. पहिल्या दिवशी पावसाने कार्यक्रम मोडला आणि ‘सेरेनेड’ दुसऱ्या दिवशी झाला. तुमच्या समितीने यातून एवढंच घ्यावं की दुसरा दिवस राखीव ठेवायचा असतो. पुण्याच्या संचाशी बोलणी करतानाच ‘बाजाराचा दिवस, नाही जमलं तर त्याच्या दुसऱ्या दिवशी’ असं लिहून घ्या. थेंब पडला तर थांबायचं की नाही हे नर्तकांनी ठरवायचं, अध्यक्षांनी नाही, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

आता जमीन. माझ्या दृष्टीने निम्म्याहून जास्त काम इथेच आहे.

समकालीन बॅलेत कथा, मुकुट, फुललेला घागरा हे सगळं गळून पडलेलं असतं, पण शरीराची शिस्त जुन्या बॅलेचीच असते. मांड्यांपासून बाहेर वळवलेले पाय, उंच उडी, आणि उडीनंतर आवाज न करता जमिनीला टेकणं. उडीवरून उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार घोट्यावर, नडगीवर, गुडघ्यावर येतो. सभागृहातल्या चांगल्या लाकडी मंचाखाली पोकळी असते, तो किंचित दबतो आणि धक्का खातो. तुमच्या बागेत काय आहे? बहुतेक पेव्हर ब्लॉक, नाहीतर काँक्रीटचा ओटा, नाहीतर लॉन. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट काहीही खात नाहीत, सगळा धक्का हाडाला परत देतात. अशा जागी तालीम धरून दोन दिवस उड्या मारल्या की नडग्या धरतात, आणि जुनं दुखणं असलेल्या नर्तकाचं हाडही तडकू शकतं. ‘आमच्या पोरी तर गॅदरिंगला सिमेंटवरच नाचतात’ हे उत्तर मला सगळीकडे मिळतं. त्या वर्षातून एकदा पाच मिनिटं नाचतात. हे लोक रोज सहा तास नाचतात आणि त्यावरच पोट भरतात.

लॉनचा मोह जास्त वाईट, कारण फोटोत ते सुंदर दिसतं. गवताखाली पाण्याचा पाईप, बुजलेला खड्डा, गोखरू, काय काय असतं ते माळ्याला विचारा. पाय वळतो तो तिथेच. शिवाय गवतावर गिरकी घेता येत नाही. पाय अडकतो, वरचं शरीर फिरतं आणि पीळ गुडघ्यात बसतो. मातीवर नाचताच येत नाही असं मी म्हणत नाही. जर्मनीच्या नृत्यरचनाकार पिना बाउशने 1975 मध्ये मंचभर माती पसरून नाच बसवला. तोच नाच 2020 मध्ये आफ्रिकेतल्या नर्तकांनी सेनेगलच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूतही केला. पण तिथे नाचाची प्रत्येक हालचाल मातीसाठी बांधलेली होती. पुण्यात तालमीच्या जमिनीवर अंथरतात त्या व्हिनाइलच्या आवरणावर बसवलेला नाच आणून तुमच्या लॉनवर उतरवणं ही वेगळी गोष्ट आहे.

तेव्हा फ्लोअर बांधायचा. आठ जणांसाठी 32 फूट बाय 24 फूट धरा, म्हणजे 8 बाय 4 च्या 24 प्लायवूड शीट एका थराला. थर दोन पाहिजेत, 18 मिलिमीटरचे, आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येता कामा नयेत. खालचा थर थेट जमिनीवर ठेवायचा नाही. त्याखाली व्यायामशाळेत किंवा कबड्डीला वापरतात त्या जाड फोमच्या मॅटचे हातभर अंतरावर ठेवलेले तुकडे द्या, म्हणजे फळी दबेल आणि परत येईल. मॅट अखंड अंथरून तिच्यावरच नाचा असं कोणी सुचवेल, ते ऐकू नका. मऊ मॅटवर पाय चिकटतो. स्क्रू लाकडात बुडवायचे आणि शेवटी तळहात फिरवून सगळा पृष्ठभाग तपासायचा. हे काम सुताराचं आहे, बिछायत केंद्रवाल्याचं नाही. बिछायतवाल्याचे तखत लग्नाच्या स्टेजला ठीक, पण दोन तखतांच्या मधली फट आणि एका कोपऱ्यातलं डुगडुगणं त्याला दोष वाटत नाही. प्लायवूड विकत घ्यायची गरजही नाही. बांधकामाच्या सेंट्रिंगवाल्याकडचं मात्र घेऊ नका, त्याला तेल लावलेलं असतं. लाकडाच्या दुकानदाराला समजावून सांगितलं तर चार दिवसांसाठी माल देतो, कापायचा नाही या अटीवर.

सगळ्यात वर व्हिनाइलचं आवरण लागतं, ते संचाने स्वतः आणायचं. काळं असेल तर उन्हाची काळजी घ्या. जानेवारीत दुपारी हवा आल्हाददायक वाटते, पण काळं व्हिनाइल दोन तासांत तापतं आणि अनवाणी पायाला पोळतं. साडेतीनपर्यंत त्यावर पांढऱ्या चादरी टाकून ठेवा. फ्लोअर घसरडा वाटला तर कोल्ड्रिंक घातलेल्या पाण्याने पुसायची नर्तकांची जुनी युक्ती आहे. बागेत ती करू देऊ नका, पाच मिनिटांत मुंग्यांची रांग लागेल.

बुलडाणा-यवतमाळकडचं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. काळी माती पावसानंतर फुगते आणि सुकली की भेगा पडतात. तिच्यावर मंचाचे लोखंडी पाय उभे केले तर सकाळी सपाट असलेला मंच संध्याकाळी तिरपा होतो. प्रत्येक पायाखाली रुंद फळी द्या आणि प्रयोगाआधी तासभर पुन्हा लेव्हल लावा.

मंचाची उंची हा वादाचा मुद्दा होणार, कारण पुढाऱ्यांना उंच स्टेज आवडतो. चार फूट उंच मंचासमोर सतरंजीवर बसलेल्या माणसाला नर्तकाचे पाय दिसतच नाहीत, आणि पाय न दिसणारा बॅले बघण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे तर तलावाची पाळ आहे! पाळीचा उतार हीच तयार गॅलरी. फ्लोअर खाली बागेच्या सपाटीवर ठेवा, जमिनीपासून वीतभर उंच, आणि लोकांना उतारावर बसवा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आणि त्याही आधी ज्यांनी हे तलाव बांधले त्यांनी तुमचा खर्च वाचवलाय. मात्र पाळीवर मंडपाचे खांब गाडू नका. पाळीला भोक पाडलं तर गावातले म्हातारे ऐकून घेणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

दिशेचं गणित सोपं आहे. जानेवारीच्या शेवटी तुमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तोही नेमका पश्चिमेला नाही, थोडा दक्षिणेकडे सरकून. साडेचारला तो क्षितिजापासून फार वर नसतो. प्रेक्षकांची पाठ दक्षिणेला आणि तोंड उत्तरेला असेल तर ऊन डाव्या बाजूने, थोडं मागून येतं. कोणाच्याच डोळ्यांत जात नाही आणि नर्तकाच्या अंगावर आडवं पडतं. नृत्याची प्रकाशयोजना सभागृहात नेमकी हीच असते. नाटकात दिवे समोरून चेहऱ्यावर टाकतात, नाचात बाजूच्या खांबांवरून, गुडघ्याच्या आणि कमरेच्या उंचीवरून टाकतात, कारण आडव्या प्रकाशात हातापायांची गोलाई आणि स्नायूंची हालचाल उठून दिसते. त्यासाठी मुंबईत भाड्याने दिवे घेतात. तुम्हाला ते फुकटात मिळतंय. पाळ दक्षिणेला नसेल, पूर्वेला असेल, तर सूर्य प्रेक्षकांच्या तोंडावर येईल. मग पाळ सोडा आणि बागेतच सोयीची बाजू शोधा.

रात्रीला माझा विरोध का, तेही सांगतो. धानाच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे दिवा लावला की तुडतुडे झुंडीने येतात. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या नाटकवाल्यांना ते अंगवळणी पडलंय. तोंडाने संवाद म्हणणारा नट हाताने किडे झटकू शकतो. एका पायावर उभ्या नर्तिकेला ते जमत नाही, आणि फ्लोअरवर पडून चिरडलेल्या किड्यांवरून पाय सरकतो. थंडीच्या रात्री वेगळीच अडचण. आठनंतर दव पडायला लागतं आणि व्हिनाइलवर ते दिसत नाही. पारा उतरलेला असतो, स्नायू आखडतात. टोकावर उभं राहायचे जे साटिनचे बूट असतात, त्यांचा टोकाचा भाग लोखंडाचा नसून कापड, कागद आणि खळीचे थर देऊन कडक केलेला असतो. दमट हवेत तो मऊ पडतो. नव्या बुटांची जोडी एका प्रयोगातच निकामी होऊ शकते, आणि इथे ती विकत मिळायची सोय नाही. संचाला सरळ विचारा, नाचात टोकावरचं काम आहे का? असेल तर मऊ चपलीत किंवा अनवाणी होणारी रचना मागा. समकालीन बॅलेत अशा रचना भरपूर असतात, मागण्यात कमीपणा नाही.

फेब्रुवारीही नको. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू होतात आणि लाऊडस्पीकरवरून तक्रारी येतात. त्यात गारपिटीचा भरवसा नाही.

बाजाराचा दिवस सुचवण्यामागे प्रेक्षकांचा विचार आहे. इतर दिवशी साडेचारला कार्यक्रम ठेवला तर मास्तर, पेन्शनर आणि पोरंच येतील. शेतावरच्या बाया सहाला घरी येतात, मग चूल. बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते, मजुरीचा चुकारा झालेला असतो, आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं गावात आलेली असतात. त्यांना दिवस बुडायच्या आत परत जायचं असतं, म्हणून सव्वापाचला संपणारा कार्यक्रम त्यांना परवडतो. बाजारात दवंडीसारखी रिक्षा फिरवा. तिकीट ठेवू नका, पण पिशव्या ठेवायला जागा द्या. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन माणूस निवांत बसत नाही.

‘कळेल का’ या शंकेचं मला नेहमी नवल वाटतं. वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटकं रात्रभर बघणारा, दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं पाहत वाढलेला हा प्रेक्षक आहे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. शरीर बघायची सवय या लोकांना शहरापेक्षा जास्त आहे. गोंडांचा रेला नाच बघा, पावलं जमिनीला धरून, हात गुंफून, सगळ्यांचा एकच श्वास. तो बघणाऱ्याला बॅलेतला फरक कोणी समजावून द्यावा लागत नाही. बॅलेत माणूस जमिनीपासून सुटायला बघतो. पहिल्या उडीनंतर मागून ‘अवं, पायाचा आवाजच नाही येत’ असं बोलणं हमखास ऐकू येतं, आणि समीक्षकालाही यापेक्षा नेमकं बोलता आलं नसतं. मात्र उत्साहाच्या भरात रेला आणि बॅले एकत्र मिसळून आयत्या वेळचं फ्युजन करू नका. रेला करणाऱ्या मंडळींना बोलवायचं असेल तर स्वतंत्र, पूर्ण वेळ आणि तेवढंच मानधन देऊन बोलवा.

पुरुषाने स्त्रीला उचललं की पहिल्यांदा हशा पिकेल, एखादी शिट्टीही येईल. माईकवरून दटावू नका. आदल्या दिवशीची तालीम शाळेच्या मुलांसाठी उघडी ठेवा, त्यांना बूट हातात घेऊ द्या, उचलण्यामागे दोघांचीही किती ताकद लागते ते नर्तकांना दाखवू द्या. ती पोरं घरी जाऊन आईबापांना जे सांगतील ते कोणत्याही पत्रकापेक्षा लवकर पोचतं. पोशाखाबद्दल संचाशी मोकळेपणाने बोला. घट्ट पण अंगभर कपडे असतील तर कोणाला काही वाटत नाही.

सत्काराचा प्रश्न नाजूक आहे आणि त्यावर मी अडून बसतो. नर्तक प्रयोगाआधी तासभर अंग गरम करतात. ते तयार होऊन बाजूला उभे, आणि इकडे शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आमदारांची वाट, मग आमदारांचं भाषण. अर्ध्या तासात अंग थंड पडतं आणि पहिल्याच उडीला पोटरी धरते. सत्कार प्रयोगानंतर, फ्लोअरच्या बाहेर. आणि व्हिनाइलवर चप्पल घालून कोणीही चढायचं नाही, त्यात पालकमंत्रीही आले. सुरुवातीला गावातल्याच कोणीतरी आपल्या बोलीत तीन वाक्यं बोलावीत आणि बाजूला व्हावं.

आवाजाला डीजेचे बॉक्स नकोत. उघड्यावर भिंती नसल्याने आवाज परत येत नाही, म्हणून प्रेक्षकांसाठी दोन आणि नर्तकांना ऐकू जाण्यासाठी फ्लोअरच्या दोन बाजूंना दोन लहान स्पीकर लागतात. हे नर्तकांसाठीचे दोन विसरले जातात आणि मग नाच तालाच्या मागे पडतो. फार हळू, शांततेवर चालणारं संगीत असेल तर ते बाजाराच्या गलक्यात बुडेल, संचाला आधीच कल्पना द्या. मशिदीत सूर्यास्ताची अजान आणि देवळात सांजेचा हरिपाठ असतो. सव्वापाचला संपवलं तर कोणाचीच अडचण होत नाही, तरी दोन्हीकडे आधी जाऊन सांगून या. नगरपंचायतीची आणि पोलिसांची परवानगी लेखी घ्या, स्पीकरचा उल्लेख त्यात असू द्या.

जागा नक्की करण्याआधी मान वर करून झाडं बघा. पाण्याच्या टाकीला किंवा पिंपळाला आग्या मोहोळ असेल तर ती जागा सोडून द्या, ‘ते कधीच कोणाला चावत नाही’ हे ऐकूनही. बगळ्यांचा किंवा वटवाघळांचा मुक्काम असलेल्या झाडाखाली फ्लोअर टाकला तर काय होईल ते सांगायला नको. कुत्री आणि डुकरं अडवायला दोन माणसं ठेवा. स्वच्छ संडास, अंग गरम करायला सावलीतली एक खोली आणि बर्फ या तीन गोष्टींवर तडजोड नाही. बर्फ गोळेवाल्याकडून सांगून ठेवा. संच आदल्या दिवशी सकाळी पोचला पाहिजे, रात्रभराच्या प्रवासानंतर त्याच दिवशी कोणी उड्या मारायच्या नाहीत.

प्रयोग संपला की त्याच संध्याकाळी व्हिनाइल आणि प्लायवूड उचला. राखीव दिवस वापरायचा असेल तरच रात्रभर ठेवा, वर ताडपत्री घालून. गवतावर दोन दिवस प्लायवूड राहिलं की चौकोन पिवळा पडतो, आणि पुढच्या वर्षी परवानगी मागायला जाल तेव्हा माळी तोच चौकोन दाखवतो.

आत्ता करायचं ते एवढंच. उद्या साडेचारला बागेत जा, जिथे फ्लोअर टाकायचा विचार आहे तिथे उभे राहून चारही दिशांचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, एक जमिनीचा जवळून काढा, टेपने लांबी-रुंदी मोजा आणि संचाला पाठवा. त्यावर त्यांनी फ्लोअरबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, तर दुसरा संच शोधा.